सात दिवसांत पूर्तता

निर्मळ, २ जुलै २०२५

काळूराम,

वर ‘चिरंजीव’ लिहिलं होतं, ते खोडलं. तू सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, सत्तावीस वर्षांत माझं तोंड पाहिलेलं नाहीस, मी काय म्हणून आशीर्वाद देत बसू? पण आज गप्प राहणं मला जमणारच नाही. अरे, तुझी मुलगी आली होती माझ्याकडे! स्वप्नाली!

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तू कामाला आहेस तिथला, उंबरगावचा पत्ता तिनेच दिला. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण फाडतानासुद्धा एखादी ओळ डोळ्यांखालून जातेच. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे, मला माहीत आहे.

बेल वाजली म्हणून दार उघडलं तर पायरीवर एक मुलगी उकिडवी बसलेली, आणि तिच्या मांडीवर शेजारच्या व्हिव्हियनच्या कुत्र्याचा पाय. ‘एक मिनिट हां, बाई,’ म्हणाली, माझ्याकडे न बघताच. पंज्यातून तिने बोटाच्या पेराएवढा काटा ओढून काढला आणि कुत्रं ओरडलंसुद्धा नाही! व्हिव्हियन दोन आठवडे त्याला हळद लावत होता. मग उठली, ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, ‘मी काळूराम उंबरसाडा यांची मुलगी.’ तेच कपाळ, तीच जरा वाकडी मान!

तू तिला पाठवलं नाहीस, हे मला कळतं. तुझ्या चौथीच्या दाखल्यावरची माझी सही वाचून ती स्वतः शोधत आली. चहा घेता घेता तिने दाखला पुढे सरकवला आणि विचारलं, ‘बाई, जातीच्या रकान्यात नुसतं हिंदू का लिहिलंय? पुढचं राहिलं का तुमचं?’

राहिलं नव्हतं, ठेवलं होतं. तुला ते ठाऊक आहे. १९८४ साली करंजपाड्याच्या शाळेत रुजू झाले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. एकशिक्षकी शाळा, मीच मुख्याध्यापक, मीच शिपाई. संगमेश्वराहून निघतानाच ठरवून आले होते की माझ्या शाळेत जात शिरणार नाही. म्हणून जनरल रजिस्टरात तुम्हा पाड्यावरच्या मुलांच्या नावापुढे ‘हिंदू’ लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली. तुझ्या दाखल्यावर तेच उतरलं, कामणच्या हायस्कूलने तेच उतरवून घेतलं, आणि ९८ साली वनरक्षकाच्या भरतीत धावण्यात पहिला येऊनही तू हात हलवत परत आलास. मला सगळं माहीत आहे. तरीसुद्धा माझा हेतू वाईट होता असं कोणी म्हटलं तर मी आजही भांडेन.

असो. आता अडचण ऐक. स्वप्नालीला ‘नीट’ प्रवेश परीक्षेत चांगले मार्क आहेत. तिला माणसांची नाही, जनावरांची डॉक्टर व्हायचंय. म्हणते, ‘माणसांचे डॉक्टर कामणला तरी भेटतात, आमची बकरी आजारी पडली तर कोण येतं?’ राखीव जागेतून तिला पशुवैद्यकीय कॉलेज मिळतंय. जातीचं प्रमाणपत्रही आहे. पण पडताळणी समिती विचारते, मुलगी वारली जमातीची, तर बापाच्या दाखल्यावर तसं का नाही? तुझ्या वडिलांच्या वेळचा किंवा तुझ्या लहानपणचा जुना सरकारी कागद हवा. ऑगस्टअखेर पडताळणी झाली नाही तर जागा गेली. काळूराम, अशी मुलगी आणि जागा जाणार! छे!

तुझ्या वडिलांच्या नावाची जंगलखात्याची एखादी पावती, काहीही असलं तर ताबडतोब पाठव. शाळेचे त्या वेळचे बाकीचे कागद, शेरेबुक वगैरे, २००५ च्या पुरात गेले. ती वाट बंद आहे. बाकी सगळ्या वाटा मी धुंडाळते.

तुझी (तू मान, नको मानूस) बाई
विनया तांबे


निर्मळ, १३ जुलै

काळूराम,

उत्तर नाही. ठीक आहे, मी लिहीतच राहते.

आज तुमच्या करंजपाड्यावर जाऊन आले! सुनेच्या, अनुष्काच्या, स्कूटरवर मागे बसून. रविवार असल्यामुळे चिंचोटीच्या धबधब्यावर निघालेली मुंबईची पोरं, त्यांच्यामध्ये गोदामांचे कंटेनर, आणि त्यात आम्ही सासू-सुना. अनुष्का म्हणाली, ‘आई, डोळे मिटून घ्या.’ मी कसले मिटते! छत्तीस वर्षांनी तो रस्ता बघत होते. सागाच्या बाजूची वाट अजून तशीच आहे. शाळेवर मात्र आता पक्का स्लॅब झाला आहे आणि भिंतीवर तुमची ती पांढरी चित्रं रंगवली आहेत. मी असताना एकाही मुलाला भिंतीला हात लावू दिला नव्हता.

गेला आठवडाभर स्वप्नाली आणि मी कागद शोधत होतो. तुझ्या वडिलांच्या नावावर जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. तुझा जन्म झोपडीत, त्याची कुठे नोंद नाही. पाड्याची नावं कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीतही सापडली नाहीत. म्हणजे तुझ्या घरातला शाळेत गेलेला पहिला माणूस तू, तुझा पहिला सरकारी कागद म्हणजे माझ्या हातचा, आणि त्यात काय आहे ते आपल्याला माहीतच आहे.

आज मग तुझ्या आयकडे बसले. म्हातारी ठणठणीत आहे! मला बघून तिने आधी पाट दिला, मग पाणी. पाणी पिऊन होताच मीच बोलायला सुरुवात केली. म्हटलं, मी मुलांचं वाईट कधी चिंतलं नाही, माझ्यासाठी सगळी सारखी होती. त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण स्कूटरवर मी ते शंभरदा घोकलं आहे.

‘तू चांगली होतीस, बाय. खोटा नाय बोलनार. पन त्या साली सरकारचा कापड आलता आमच्या पोरांना. तू तो परत धाडलास. सगल्यांना सारखा, सगल्यांना सारखा, बोलत बसलीस. गावच्या पोरांना त्यांचे बापूस कापड घेत. आमच्या पोराचा बापूस कुठसून घेल? सारखा करता करता तू माझ्या पोराला उघडा ठेवलास.’

गणवेशाचं कापड खरंच आलं होतं, ८५ साली, अकरा आदिवासी मुलांसाठी. पट सव्वीसचा. मी विचार केला, अकरांना नवे कपडे आणि पंधरांना नाहीत, असा भेद माझ्या शाळेत? गठ्ठा बांधला आणि तालुक्याला परत पाठवला. त्या दिवशी मला स्वतःचा काय अभिमान वाटला होता! तू त्या वर्षी थंडीत वडिलांचा फाटका सदरा गुडघ्यापर्यंत घालून यायचास आणि मी तुला पहिल्या रांगेत उन्हात बसवायचे. केवढी माझी माया!

मी चिडले. परतताना अख्खा रस्ता अनुष्काशी भांडत आले. माझा हेतू, त्या काळची परिस्थिती, आमचे जातिनिर्मूलनाच्या शिबिरातले विचार, सगळं सांगून झालं. कामण नाक्यावर सिग्नलला ती मान मागे न वळवता म्हणाली, ‘आई, तुम्हाला एवढा राग आलाय म्हणजे त्या बरोबर बोलल्या असणार.’ सून म्हणून आणलेली मुलगी कधी परीक्षक होऊन बसते ते कळतही नाही.

बाई


निर्मळ, १६ जुलै

काळूराम,

पुरात काही गेलेलं नाही.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आता पुढचं भराभर लिहिते, नाहीतर हात थांबेल. आणि थांबायचं नाहीच आहे, कारण बातमी अशी आहे की मी सकाळपासून घरात नुसती गरागरा फिरते आहे! पण आधी कबुली, मग बातमी.

त्या वर्षांचं शेरेबुक माझ्याकडे आहे. शाळा तपासायला येणारे साहेब ज्यात शेरा लिहून जातात, ती लांब, लाल पाठीची वही. ८९ साली माझी बदली झाली तेव्हा मी ती माझ्या सामानात घालून घरी आणली. चोरली म्हण. कारण त्यात माझ्यावर एक वाईट शेरा होता. माझ्या निवृत्तीच्या समारंभात माझ्या मुलाने, विघ्नेशने, भाषण केलं, ‘आईच्या नोकरीत एकही लाल शेरा नाही.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. वही तेव्हा दिवाणाखालच्या ट्रंकेत होती.

आता ९८ चं. तू माझ्या इथल्या शाळेत आला होतास, मधल्या सुट्टीत. भरतीवाल्यांनी आठ दिवसांची मुदत दिली होती. तू विचारलंस, ‘बाई, शाळेचा अजून कुठला कागद असेल का?’ मी म्हटलं, ‘नाही रे, काही उरलेलं नाही.’ तू ‘बरं’ म्हणालास आणि जाताना माझ्या पाया पडलास. ट्रंक शाळेपासून दहा मिनिटांवर होती. पुढे कोणी सांगितलं की काळूराम म्हणतो, बाईने माझी जात खाल्ली, आणि मी दुखावले. मी दुखावले! तुला वाटत होतं की मी एक रकाना कोरा ठेवला. खरं तर मी दोनदा कोरा ठेवला, आणि दुसऱ्यांदा कुठलाही आदर्श मनात नव्हता. फक्त माझी अब्रू.

शेऱ्यात काय लिहिलंय ते माझ्या डोक्यात नव्हतं, हे शपथेवर सांगते. ८६ साली मी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं वाचलं, रागाने वही मिटली आणि पुन्हा उघडली नाही. उघडली असती तर दिसलं असतं, हेही तितकंच खरं.

आज सकाळी अनुष्का ऑफिसला गेल्यावर ट्रंक ओढली. तुझ्या आयचं बोलणं कानात होतं. म्हटलं, बघू तर खरं, आपल्याला काय म्हटलं होतं. ऐक! अक्षर न् अक्षर उतरवते:

‘दि. १९/२/१९८६. शाळेस अचानक भेट दिली. पट २६, हजर २१. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आलेले गणवेशाचे कापड शिक्षिकेने परस्पर परत पाठविले, ही बाब गंभीर आहे. जनरल रजिस्टरात जातीची नोंद अपूर्ण आहे. समक्ष पाड्यावर जाऊन पालकांकडे चौकशी केली असता खालील ११ विद्यार्थी हिंदू वारली असल्याचे आढळून आले. शिक्षिकेने सात दिवसांत पूर्तता करून कळवावे. शिक्षिका हट्टी आहे.’

आणि खाली यादी! अकरा नावं, प्रत्येकापुढे बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात! तिसऱ्या नंबरावर ‘काळूराम जान्या बाबू उंबरसाडा, हिंदू वारली’. खाली शाळा तपासणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांची सही, तारीख, गोल शिक्का! तुझ्या आज्याचं नाव बाबू होतं हे मला आज कळलं. त्या माणसाने भर दुपारी झोपडीझोपडीत जाऊन विचारलं होतं, आणि मी त्याला जुनाट म्हणून हिणवलं होतं.

मी मोठ्याने ओरडले. व्हिव्हियन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. मी त्याला वही दाखवली, त्याला काही कळलं नाही, तरी तोही हसायला लागला. मग स्वप्नालीला फोन केला आणि यादी वाचून दाखवली. मी म्हटलं, ‘अगं, आहेस ना?’ तर पलीकडून रडण्याचा आवाज आणि मागे बकऱ्यांचा.

एक गोष्ट अजून. परवापासून मी माझा स्वतःचा शाळेचा दाखला काढून बघते आहे. त्यावर माझी जात व्यवस्थित लिहिलेली आहे. ती कोणी कोरी ठेवली नाही, आणि ठेवा असं मीही कधी म्हटलं नाही. पुसायला मला तुमचीच सापडली.

माफी मागत नाही. ती मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेतलं आहे. झालं ते सांगितलं.

विनया तांबे


निर्मळ, २२ जुलै

काळूराम,

वही शाळेत जमा केली! आताची मुख्याध्यापिका फ्लॉसी डिमेलो, इथलीच, गिरिजच्या बाजूची. माझ्या मुलीच्या वयाची असेल, पण नियमाला माझ्यापेक्षा पक्की. मी वही टेबलावर ठेवली आणि काय ते सांगितलं. ती उभीच राहिली.

‘बाई, सरकारी दफ्तर घरी नेलंत? छत्तीस वर्षं?’

‘हो.’

‘हे मला वर कळवावं लागेल. तुम्हाला नोटीस येईल. पेन्शनला काय होईल मला माहीत नाही.’

‘कळव ना! आजच कळव. मी जबाब लिहूनच आणलाय.’

तिने जबाब वाचला, मग शेरा वाचला, आणि ‘शिक्षिका हट्टी आहे’ इथे आल्यावर तोंडावर हात ठेवून हसली. हसता हसता डोळे पुसले. मग लगेच जावक क्रमांक टाकून, शिक्का मारून समितीला पत्र तयार केलं. काय झरझर काम करते ती! आम्ही असतो तर दोन दिवस कार्बन पेपर शोधत बसलो असतो.

घरी विघ्नेशला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, ‘आई, मी माईकवर बोललो होतो गं.’ एवढंच. अनुष्काने त्याच्या ताटात भात वाढला आणि विषय बदलला नाही, ‘आता पुढे काय?’ म्हणून विचारलं. मला ती पोर फार आवडली त्या क्षणी.

पुढे हे: १२ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता समितीपुढे सुनावणी आहे. नुसती वही चालत नाही. ज्याचं नाव यादीत आहे त्याने, म्हणजे तू, समोर उभं राहून सांगायला हवं की तो काळूराम मीच. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर सही बापाचीच लागते. स्वप्नालीने तुला फोनवर सांगितलं असेल, आणि तू ‘बघतो’ म्हणाला असशील. तिला वाटतं सुट्टी मिळत नाही म्हणून. मला माहीत आहे, त्या खोलीत मी असणार म्हणून.

मी नसते तर बरं झालं असतं. पण वही माझ्या घरात होती हे सांगायला मलाच बोलावलंय. तू माझ्याशी बोलू नकोस. माझ्याकडे बघूही नकोस. पाठ करून बस, पण ये. पोरीची जागा जाईल रे.

विनया तांबे


निर्मळ, १४ ऑगस्ट

काळूराम,

तू आलास! तुला मी हे का सांगते आहे, तू तर तिथे होतासच. पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी साडेनऊलाच जाऊन बसले होते. दहा वाजले, साडेदहा वाजले. तुझी आय आणि स्वप्नाली आल्या, तू नाहीस. स्वप्नाली दर मिनिटाला जिन्याकडे बघत होती आणि फाईलचा कोपरा दुमडत होती. मी मनात म्हटलं, विनया, हा तिसरा कोरा रकाना, हाही तुझ्याच नावावर. आणि अकराला पाच कमी असताना तू आलास. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. केस पिकलेत की रे तुझे! माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलास. मी सांगितल्याप्रमाणे समोर बघत राहिलास. आज्ञाधारक!

साहेबांनी तुला नाव विचारलं आणि तू बापाचं, आज्याचं नाव घेऊन सांगितलंस. मग ते रीतीभातीचं विचारू लागले. ‘तुमच्यात लग्न कोण लावतं?’ तू म्हणालास, ‘धवलेरी. बाईमानूस लावते.’ ‘ती काय म्हणते?’ आणि तू मागे बोट दाखवलंस, ‘तिलाच इचारा. माझी आय धवलेरी हाय.’

आणि ती उठली! सरकारी कचेरीत, पंख्याखाली, पदर डोक्यावर घेऊन तिने गायला सुरुवात केली. लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकातली देवी, सूर्य, चंद्र, नवरा-नवरीची नावं. बाहेरच्या बाकावरची माणसं दारात गोळा झाली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. स्वप्नाली हलक्या आवाजात साथ देत होती. माझ्या अंगावर काटा आला आणि लगेच लाज वाटली. चार वर्षं मी तुला शिकवलं, पाढे शिकवले, नकाशा शिकवला, आणि तुझी आय साऱ्या पाड्यांची लग्नं लावते हे मला ठाऊक नव्हतं. ती अंगठा उठवायला शाळेत यायची, आणि मी सगळ्यांना सांगायचे, काळूरामची आई अडाणी आहे. एवढं पाठ असलेल्या बाईला!

मग माझी पाळी. ‘हे पुस्तक आपल्याकडे कसं?’ मी सांगितलं. ८९ चं सांगितलं, ९८ चंही सांगितलं. मोठ्याने सांगितलं, कारण तू दोन खुर्च्यांवर होतास आणि पत्र तू वाचलंस की फाडलंस ते मला माहीत नव्हतं. साहेबांनी शेरा वाचला, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ‘अजून आहे का हट्टी?’ मी म्हटलं, ‘आहे. पण आता बाजू बदलली आहे.’

हे सगळं तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते माझ्या मनातलं. जिन्यावर तू माझ्यापुढे होतास. मी मुद्दाम हळू उतरत होते. तू मधल्या वळणावर थांबलास, वळलास, आणि सत्तावीस वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोललास: ‘बाकीच्या धा जनांचा काय, बाई?’

आणि उत्तराची वाट न बघता उतरून गेलास. काळूराम, मला खरंच ते सुचलं नव्हतं! यादी मी पन्नास वेळा वाचली असेल, पण तिसऱ्या नंबरावरून नजर खाली सरकलीच नाही. पुन्हा एकदा मी एका मुलाची माया करत बसले होते आणि बाकीचे दहा उभे होते.

आजच फ्लॉसीकडे जाऊन त्या पानाच्या साक्षांकित प्रती मागितल्या. तिने विचारलं, ‘किती?’ मी म्हटलं, ‘दहा.’

विनया तांबे


निर्मळ, १६ सप्टेंबर

काळूराम,

तुझं पत्र आलं! पोस्टमन गेल्यावर मी दारातच फोडलं.

तीन ओळी आहेत. पहिल्या दोन ओळींत दोन पत्ते, तिसऱ्या ओळीत ‘रविवारी येतो’. मी कागद उलटून मागे बघितलं, पाकिटात बोट घालून बघितलं. माफ केलं असं कुठे लिहिलेलं नाही. बरं केलंस. ती तुझी वस्तू आहे, तुझ्याकडेच राहू दे.

तुला सगळं पोरीकडून कळतंच, तरी माझ्या हातून लिहिते. २८ ऑगस्टला स्वप्नालीची पडताळणी हातात आली आणि दुसऱ्या दिवशी प्रवेश झाला. अरे, मुदतीच्या दोन दिवस आधी! व्हिव्हियनने अख्ख्या गल्लीत केळी वाटली, जणू त्याचीच मुलगी. काल तिने म्हशीबरोबरचा फोटो पाठवला. म्हैस वैतागलेली आहे आणि पोरगी हसते आहे. खाली लिहिलंय, ‘बाई, हिच्या पोटात चार कप्पे असतात!’ मी उत्तर पाठवलं, ‘मला हे चौथीत शिकवायला हवं होतं.’

मला नोटीस आली. सरकारी दफ्तर अनधिकृतपणे ताब्यात ठेवल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. मी तिसऱ्याच दिवशी नेऊन दिला. आयुष्यात पहिल्यांदा मुदतीच्या आत! निकाल लागायचा तो लागेल. अनुष्का म्हणते, पेन्शन थांबली तर मी आहे ना. मी म्हटलं, तू आधी स्कूटर हळू चालव.

आता दहा जणांचं. महिनाभर मी आणि तुझी आय फिरतो आहोत. तिच्याशिवाय मला एकाही दारात कोणी उभं केलं नसतं. ती पुढे जाते, सांगते, ‘ही ती बाय,’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘बोल तूच.’ मग मी बोलते. दर दारात तेच सगळं पहिल्यापासून. सोपं होत नाही. एका घरात मला बाहेर काढलं, पण प्रत ठेवून घेतली.

आठ सापडले! रखमी आठवते? पाढे म्हणताना डोलायची ती. कामणच्या गोदामात पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवते, तिचा मुलगा यंदा बारावीला आहे. आता रखमीच्या बाजूने त्याला काही मिळत नाही, जात बापाकडून बघतात, पण रखमीचा भाऊ यादीत सातवा आहे आणि त्याच्या दोन मुली पॉलिटेक्निकला आहेत. प्रत बघून तो खाटेवरून उठला, आत गेला आणि शर्ट घालून बाहेर आला. मग वाचली. पाचव्या नंबरचा बारक्या गेल्या साली वारला. त्याच्या बायकोने कागद देव्हाऱ्यात ठेवला. मी म्हटलं, ‘अगं, देव्हाऱ्यात नको, फाईलमध्ये ठेव.’

उरले दोन. सोनू आणि त्याचा भाऊ. कोणी म्हणालं वीटभट्टीवर, कोणी म्हणालं गुजरातला. आणि आज तुझ्या पत्रात दोघांचे पत्ते! एक भिवंडीकडचा, एक तुझ्याच उंबरगावचा. म्हणजे तू माझी पत्रं वाचत होतास. सगळी! आणि तिथे बसून तूही शोधत होतास.

परवा फ्लॉसीने शेरेबुक उघडून माझ्यापुढे ठेवलं. त्या ८६ च्या शेऱ्याखाली चार बोटं जागा आहे. ‘बाई, इथे पूर्तता झाली असं लिहून सही करा, मी प्रतिस्वाक्षरी करते,’ म्हणाली. पेन हातात घेतलं होतं. मग ठेवलं. म्हटलं, अजून दोन बाकी आहेत. शिवाय सात दिवसांचं काम एकोणचाळीस वर्षांनी पुरं केलं, याच्यावर एकट्या माझी सही शोभत नाही. खाली दोन सह्या होतील, एक शिक्षिकेची आणि एक यादीतल्या तीन नंबरच्या विद्यार्थ्याची.

तेव्हा रविवारी सकाळी नऊला, कामण नाक्यावर, भिवंडीच्या बाजूच्या थांब्यावर. आधी सोनूकडे जाऊ. प्रत माझ्या पिशवीत आहे, प्लॅस्टिकमध्ये घालून. मी पावणेनऊलाच येऊन उभी असेन. हजेरी या वेळी तू घे.

विनया तांबे